तपासले, ठीक आहे

३ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे की छातीत जळजळ झाली की वेळ लिहून ठेवा. लिहायचं तर वही हवी. माळ्यावरच्या ट्रंकेत नोकरीतली एक कोरी तक्रारवही सापडली. निवृत्तीच्या दिवशी ती चुकून माझ्या पिशवीत आली होती. चुकून म्हणजे मीच ठेवली होती.

पाणीखात्यात छत्तीस वर्षं मी चावीवाला होतो. कुलपांचा नव्हे. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, कमरेएवढी चावी आत सोडायची आणि फिरवायची: या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं चालू. अख्ख्या गावाची तहान माझ्या मनगटात होती असं मी म्हणतो. "आणि घरचा नळ अजून गळतोय," असं आमची ही म्हणते.

वहीत छापील रकाने आहेत. तक्रार, तपासणीची वेळ, शेरा. शेवटचा रकाना 'तक्रारदाराचे समाधान झाले काय? सही'. तो आमच्याकडे कोणी भरत नसे. शेऱ्यात 'तपासले, ठीक आहे' लिहिलं की गंगेत घोडं न्हालं. एका बाईच्या एकाच तक्रारीवर तर मी अकरा वेळा 'ठीक आहे' लिहिलं होतं. अकराही वेळा अक्षर मोत्यासारखं.

तक्रार: छातीत जळजळ. तपासणीची वेळ: जेवण झाल्यावर लगेच. शेरा: तळलेले बटाटे तिसऱ्यांदा मागून घेतले होते. ठीक आहे.

६ जानेवारी

भिंगरी आज मैदानावरून लवकर परतली. भिंगरी म्हणजे चिरंजीवांची लेक, वय वर्षं चौदा. एका जागी कधी उभी राहिली नाही म्हणून हे नाव. चिरंजीव बोटीवर नोकरीला. बापाने जमिनीखालचं पाणी सांभाळलं, लेक पाण्यावर तरंगतोय. मुलीची आई, म्हणजे आमची सूनबाई, आणि आम्ही दोघं, असा संसार.

भिंगरी आठशे मीटर पळते. आज दुसऱ्या फेरीत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मैदानातच बसली. सूनबाई म्हणाली, नाश्ता न करता गेली होती. ही म्हणाली, त्या मोबाईलमुळे. शिट्टीवाल्या सरांचं म्हणणं, ऊन. माझं मत, नवे बूट. घरात फुकटचे एवढे डॉक्टर असताना आणखी एकाची गरज काय? तीन केळी खाऊन ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढली.

१४ जानेवारी

माझी जळजळ हटेना म्हणून आज छातीचा स्कॅन. केवढं मोठं नळकांडं! मला आडवा करून आत सरकवलं. छत्तीस वर्षं मी पाइपांत डोकावलो, आज पाइप माझ्यात डोकावला.

१७ जानेवारी

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा, पण पेन निळंच आहे.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या. म्हणाल्या, "आबा, जळजळ पोटाची आहे. तळण बंद करा. हृदय उत्तम. फक्त एक गंमत सापडलीय."

त्यांनी कागदावर चित्र काढलं. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही लागतं. त्यासाठी मोठ्या धमनीच्या मुळाशी दोन बारक्या नळ्या निघतात, एक उजवी, एक डावी. माझ्या डाव्या नळीची एक फांदी डावीकडून निघायची ती उजवीकडून निघाली आहे, आणि मागून वळसा घालून आपल्या जागी पोचली आहे. जन्मापासून.

"म्हणजे कनेक्शन चुकीच्या लाइनवरून घेतलंय," मी म्हटलं.

"अगदी तसंच."

"कंत्राटदार कोण होता?"

बाई खळखळून हसल्या. "पाणी पोचतंय ना? मग भांडताय कशाला! नळी कुठून निघाली यापेक्षा कुठल्या वाटेने जाते ते महत्त्वाचं. तुमची मागच्या मोकळ्या वाटेने जाते. अडुसष्ट वर्षं चालली, पुढेही चालेल."

"अशी किती जणांत असते?"

"हजारात तीन-चार."

हजारात तीन-चार! शाळेत मी चाळीस जणांत अडतिसावा होतो.

निघताना त्यांनी विचारलं, "सहसा घराण्यात उतरत नाही, पण विचारलेलं बरं. घरात कोणाला पळताना चक्कर, छातीत दुखणं?"

मी म्हटलं, "छे हो! सगळे ठणठणीत. नात तर अशी पळते की छाती दुखलीच तर पाहणाऱ्याची दुखेल."

"छान," त्या म्हणाल्या.

आनंदाच्या भरात दूध आणायचं विसरलो. हिने कोरा चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या, हजारातले."

१९ जानेवारी

बागेतल्या बाकावर आमची पाच-सहा म्हाताऱ्यांची बैठक भरते. तिथलं अध्यक्षपद चार वर्षं बायपासवाल्यांकडे, म्हणजे बायपास झालेल्या एका गृहस्थांकडे, आहे. कोणी गुडघा म्हणालं की हे शर्टाचं वरचं बटण काढतात. व्रण पाहिला की गुडघा आपोआप गप्प बसतो.

आज मी म्हटलं, "तुमची बायपास म्हणजे रस्ता खराब झाला म्हणून काढलेला वळणरस्ता. माझ्याकडे तो जन्मतःच आहे. देवाने स्वतः काढलेला. दहा हजारात एक."

बायपासवाल्यांनी काढलेलं बटण परत लावलं. इतका गोड दिवस माझ्या लग्नातही गेला नव्हता.

(आकडा थोडा वाढला खरा. पण बागेत बसून कोण मोजायला जातंय!)

२ फेब्रुवारी

भिंगरी माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं, म्हणजे काम खासगी.

"आबा, आईला सांगणार नसाल तर एक सांगते."

"विहिरीत दगड."

"जोरात पळताना ना, शेवटच्या वळणावर, छातीवर कुणीतरी येऊन बसल्यासारखं होतं. थांबलं की उठून जातं."

"कोण बसतं?"

"आबा! थट्टा नको. वीस तारखेला शाळाशाळांची शर्यत आहे. आईला कळलं तर ती मला घरात बसवेल. शप्पथ घ्या."

शप्पथ घेतली. पण तक्रार आली की तपासणी करायची, ही माझी छत्तीस वर्षांची सवय. तिला पलंगावर बसवलं, पाणी दिलं. दहा मिनिटं शांत बसू दिलं. मग मनगट धरून घड्याळावर ठोके मोजले. बहात्तर. गाणं लिहावं असा ठोका. पाठीवर कान लावला; आत धडधड अगदी शिस्तीत.

"काही नाही गं. शर्यतीचं दडपण आहे. मीही साहेबाच्या केबिनमध्ये जाताना छातीवर साहेब बसल्यासारखा वाटायचा."

"म्हणजे ठीक आहे?"

"एकदम."

"तुम्हाला कळतं ना नक्की?"

"अगं, दहा हजारात एक हृदय आहे माझं! मला नाही कळणार तर कोणाला?"

तक्रार: पळताना छातीवर कुणी बसल्यासारखं. तपासणीची वेळ: दुपारी दोन, पलंगावर. शेरा: तपासले, ठीक आहे.

१० फेब्रुवारी

शर्यतीआधी शाळेत डॉक्टर आले होते. भिंगरीला आडवं करून छातीला तारा लावल्या आणि कागदावर ठोक्यांची रेघ काढली. रेघ व्यवस्थित. दाखल्यावर 'तंदुरुस्त' असा शिक्का.

"बघ," मी म्हटलं, "माझ्या शेऱ्यावर वरच्या साहेबाची सही झाली."

ती हसली, पण नेहमीसारखी उडी मारून नाही. जिनाही हल्ली एकेक पायरीने चढते. मोठी होतेय पोर. पाचपोच येतोय.

१३ फेब्रुवारी

बागेत आज लाखात एकपर्यंत पोचलो. बायपासवाले म्हणाले, "गेल्या महिन्यात दहा हजार होते." मी म्हटलं, "महागाई."

१५ फेब्रुवारी

इस्पितळातून फोन. डॉक्टरीणबाई वीस तारखेला दुपारी शिकाऊ डॉक्टरांना उलट्यासुलट्या नळ्यांवर शिकवणार आहेत. माझ्यासारखा पेशंट समोर असला तर मुलांच्या लक्षात राहील, याल का? याल का! मी केस कापून आलो. हिने विचारलं, "नळी बघणार आहेत की भांग?"

भिंगरीची शर्यत त्याच दिवशी चारला आहे. वर्ग तीनला सुटेल. दोन्ही साधेल.

२१ फेब्रुवारी, सकाळ

काल लिहायला हात चालला नाही. आज सगळं क्रमाने लिहितो.

वर्गात वीसेक मुलं-मुली. मला उंच स्टुलावर बसवलं, शर्ट काढायला लावला. एका मुलीने रंगीत पेनांनी माझ्या छातीवरच हृदय काढलं: दोन मोठ्या धमन्या, त्यांच्या मुळाशी नळ्या, आणि माझी ती वळसा घेणारी फांदी निळ्या रंगात. गुदगुल्या होत होत्या, पण मानाचं आसन, म्हणून दात आवळून बसलो. बाईंनी ओळख करून दिली, "आबा पाणीखात्यात होते, नळ्यांचं मला त्यांनीच समजावलंय." टाळ्या पडल्या. मी लाखात एक म्हणणार होतो, पण तिथे खरा आकडा फळ्यावर लिहिलेला होता.

मग बाई म्हणाल्या, "आबांची नळी मागून जाते, म्हणून ते बाकावर बसून गप्पा मारू शकतात. आता दुसरा प्रकार बघा." आणि त्यांनी माझ्या छातीवर लाल पेनाने आणखी एक नळी काढली, दोन मोठ्या धमन्यांच्या बरोबर मधून. "ही उजवीकडून निघालेली डावी नळी. निघते ती तिरपी, तोंड फटीएवढं. मूल बसलेलं असताना सगळं उत्तम. नाडी उत्तम, ठोक्यांची रेघ उत्तम. पळायला लागलं की हृदयाला जास्त रक्त हवं असतं, आणि त्याच वेळी आजूबाजूच्या दोन मोठ्या धमन्या फुगतात, ही मध्ये चेपते."

कोणीतरी विचारलं, "पेशंट काय सांगतो?"

"पळताना डोळ्यांपुढे अंधारी. छातीवर ओझं. थांबलं की जातं. म्हणून सगळे म्हणतात नाश्ता केला नसेल, ऊन लागलं असेल. आणि काही मुलांची पहिली तक्रार हीच शेवटची ठरते. मैदानात पडतात, उठत नाहीत."

माझ्या छातीवर पेनाचं टोक होतं. बाई म्हणाल्या, "आबा, हलू नका." मी हललो नव्हतो. आतून हललं होतं.

मला ती बाई आठवली. गल्लीच्या टोकाला राहायची. सकाळी नळाला पाणी नाही, अशी तिची तक्रार. मी जायचो दुपारी दोनला, माझं जेवण आटोपून. नळ सोडला की पाणी धो-धो. 'तपासले, ठीक आहे.' अकरा वेळा. बाराव्या वेळी ती कार्यालयात येऊन माझ्या टेबलासमोर बसली. म्हणाली, "दादा, दुपारी दोनला मला पाणी नकोच असतं. सकाळी सहाला या. सगळी गल्ली नळ सोडते तेव्हा." गेलो. तिचा नळ नुसता फुसफुसत होता. खणून पाहिलं तर तिचं कनेक्शन तिरपं घेतलेलं, तोंड फटीएवढं. सगळ्यांनी ओढलं की तिच्या वाट्याला वारा.

मी भिंगरीला दुपारी दोनला तपासलं होतं. पलंगावर.

"बाई," मी म्हटलं, "माझी नात. छातीवर कुणी बसल्यासारखं म्हणाली होती. मी ठीक आहे म्हटलं. चारला तिची शर्यत आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. वर्ग लांबला होता, घड्याळात साडेतीन. "शर्यत थांबवा आणि तिला इथे आणा. रिक्षाने जा. तुम्ही पळू नका."

शर्ट घातला, बटणं कुठली कुठे लागली. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "आजोबा, छातीवर नकाशा कसला?" मी म्हटलं, "मैदानाचा. चल लवकर."

पोचलो तेव्हा मुली रेषेवर वाकल्या होत्या. भिंगरी तिसऱ्या पट्ट्यात. सर शिट्टी तोंडाला लावतच होते. खड्ड्यात माणूस उतरलेला असला की आम्ही एक आरोळी द्यायचो, म्हणजे कोणी चुकून पाणी सोडू नये. निवृत्तीनंतर कधी दिली नव्हती, काल आपोआप निघाली. मैदानाच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो आणि ओरडलो, "लाइनीत माणूस आहे! सोडू नका! कोणी सोडू नका!"

सर म्हणाले, "अहो आजोबा, बाजूला व्हा!"

"आधी शिट्टी खाली!"

"कोणाचे आहेत हे आजोबा?"

मग तिसऱ्या पट्ट्यातून बारीक आवाज आला, "माझे."

जवळ आली तर डोळे भरलेले, नाक लाल. "तुम्ही शप्पथ घेतली होती. कोणाला सांगणार नव्हतात."

"आईला सांगणार नव्हतो," मी म्हटलं. "तिला अजून नाही सांगितलं."

"सगळ्या शाळांना सांगितलंत! आणि हे छातीवर काय काढून आलाय!"

मागे कुठली तरी मुलगी म्हणाली, "भिंगरीच्या आजोबांचा टॅटू भारीय."

सूनबाईला रिक्षातूनच फोन केला. शप्पथ तिथे संपली.

इस्पितळात डॉक्टरीणबाई तातडीच्या एका पेशंटकडे अडकलेल्या. एका तरुण डॉक्टराने भिंगरीला आडवं केलं, तारा लावल्या, रेघ काढली. म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे आजोबा. ठीक आहे, घेऊन जा घरी."

त्याच्या जागी मला मीच दिसलो, नोकरीतला. टेबलापाशी उभा राहून मी शर्ट उघडला. "ही लाल नळी बघा. तुमच्याच वर्गात काढलीय, तासाभरापूर्वी. माझ्या पोरीची तक्रार पळतानाची आहे, आणि तुम्ही तिला झोपवून तपासताय. मी इथून हलणार नाही."

तो खुर्ची पुढे करून म्हणाला, "बसा आजोबा. स्कॅन लावतो."

२४ फेब्रुवारी

लाल नळीच निघाली. अगदी त्या मुलीने काढली होती तशी, दोन मोठ्या धमन्यांच्या मधून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागेल. पण आपण वेळेत आहोत." मग माझ्याकडे वळून, "आजोबा-नातीत दोघांना असणं म्हणजे फारच विरळा."

गेल्या महिन्यात हे वाक्य मी फ्रेम करून लावलं असतं.

घरी आल्यावर सूनबाईने विचारलं, "आबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

मी वही काढून दिली. तिने दोन फेब्रुवारीचं पान वाचलं. पुन्हा वाचलं. वही मिटून माझ्या हातात दिली.

"अक्षर सुंदर आहे, आबा," ती म्हणाली, आणि आत गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी

चिरंजीव बोटीवरून निघाले आहेत. भिंगरी माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असेल तर आजीला म्हणते, "आजी, त्यांना मीठ द्यायला सांग." मीठ माझ्यासमोर, मी देतो. "आजी, त्यांना थँक यू सांग."

ही म्हणाली, "चांगलं आहे. मला मधे ठेवून निदान दोघं बोलताय."

सूनबाई माझा चहा वेळेवर ठेवते. कप ठेवताना आवाज करत नाही. पूर्वी आदळायची. मला तो आदळलेला कप हवा आहे.

३ मार्च

बायपासवाले घरी आले. येताना सफरचंदं आणली. भिंगरीसमोर बसले आणि बटणाला हात न लावता म्हणाले, "बाळ, आमची बायपास म्हणजे काय, गल्लोगल्ली असतात. रस्ता जुना झाला की खड्डे पडायचेच. तुझं काम मोठं आहे. बाकावरचं अध्यक्षपद तुझ्याकडे."

"मला बागेत बसून गप्पा नाही मारायच्यात, आजोबा."

"मग उपाध्यक्ष नेम. तुझ्या आबांना नेमू नकोस, आकडे फुगवतात."

ती फिस्सकन हसली. चार वर्षं या माणसाचा मी हेवा केला. जिना उतरताना त्यांचा हात धरला तर म्हणाले, "सोडा हो. माझं हृदय दुरुस्त आहे, तुमचंच बघा."

७ मार्च

दार लावून भिंगरी खोलीत आली.

"आबा, खरं सांगा. पुन्हा पळता येईल?"

जिभेवर 'एकदम' आलं होतं. गिळलं. "मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुतेक येईल. तपासल्याशिवाय मी आता काही म्हणत नाही."

तिने वहीचा कोपरा दुमडला, उलगडला. "त्या दिवशी शेवटच्या वळणावर पडले असते का?"

"तेही माहीत नाही."

"तुम्हाला काहीच माहीत नसतं आता."

"नाही."

"हे बरंय," ती म्हणाली. "आधी सगळंच माहीत असायचं." आणि जाता जाता, "मी कितीत एक हो?"

"आकडा बाईंना विचार. आमच्याकडे एकच आहे."

"आबा, हे सिनेमातलं झालं."

पण दार लावून घेतलं नाही. उघडंच ठेवून गेली.

९ मार्च

ऑपरेशन सकाळी आठला. चिरंजीव परवाच पोचलेत. दाढी वाढलेली, भिंतीला टेकून उभे. सूनबाई दाराकडे बघत. मी येरझाऱ्या घालत होतो.

ही म्हणाली, "अहो, बसा. तुम्ही फिरल्याने आतली चावी फिरत नाही."

बसलो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणीतरी लाइन बंद केली होती, आणि मी आपला नळापाशी बसलेला तक्रारदार. टोकाची बाई बारा वेळा असं बसली असेल.

अकराच्या सुमारास सूनबाईने न बघता डबा पुढे केला. म्हणाली, "बिस्किट खा, आबा. रिकाम्या पोटी जळजळ होईल." बिस्किट खाल्लं. वर पाणीही तिनेच दिलं.

दीडला शल्यचिकित्सक बाहेर आले. टोपी काढत म्हणाले, "नळी मोठ्या धमनीच्या भिंतीतूनच सरपटत गेली होती, तोंड फटीसारखं. ती भिंत आतून उघडली, तोंड ऐसपैस केलं. आता चेपायची नाही. हृदय छान चाललंय."

मी विचारलं, "पळताना?"

"आजोबा, आधी शुद्धीवर तर येऊ द्या तिला!"

१२ एप्रिल

भिंगरी घरी फिरू लागली. बायपासवाले आले की दोघं व्रणांची लांबी मोजपट्टीने मोजतात. तिचा दोन बोटं कमी भरला, म्हणून ती रुसली. ते म्हणाले, "तुझी उंची वाढेल तसा तोही वाढेल, धीर धर."

सूनबाईने आज चहाचा कप आदळला. बशीत सांडला. इतका चांगला चहा कित्येक दिवसांत प्यालो नव्हतो.

८ जुलै

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, भिंगरीला मशीनवर पळवून बघायचं आहे. मी विचारलं, "किती वाजता?" म्हणाल्या, "दुपारी दोन." मी त्यांना टोकाच्या बाईची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. "आबा, वेळ कुठलीही असो. ती पळताना तपासणार आहोत."

१० जुलै

पळत्या पट्ट्यावर भिंगरी, छातीला तारा, समोर पडदा. बाई एका बाजूला, तो तरुण डॉक्टर दुसऱ्या. मला खुर्ची दिली होती. मी उभाच.

पट्टा आधी चालवत होता, मग पळवू लागला, मग उंचावला. नऊ मिनिटं. दहा. तिचं तोंड टोमॅटोसारखं झालं. पडद्यावर रेघ नाचत होती, त्यातलं मला अक्षर कळत नाही. मी तिच्याकडेच बघत होतो. त्या शेवटच्या वळणाची वाट पाहत.

"आबा," ती धापा टाकत म्हणाली, "श्वास घ्या. पळतेय मी."

बारा मिनिटांनी पट्टा थांबला. बाईंनी कागदाची लांबलचक पट्टी फाडली, तरुण डॉक्टराला दाखवली. त्याने दोनदा पाहिली. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "पळतानाही. सावकाश सरावाला सुरुवात करू दे."

घरी येऊन वही उघडली. तक्रार: पळताना छातीवर कुणी बसल्यासारखं. तपासणीची वेळ: पळताना. शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं. सवयीने 'त' उमटला, आणि हात थांबला. वही भिंगरीपुढे सरकवली. शेवटचा रकाना दाखवला. म्हटलं, हा भर. छत्तीस वर्षांत मी कोणाकडून भरून घेतलेला नाही.

तिने वाचलं, पेन चावलं, आणि आपल्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलं:

'आता कोणी बसत नाही. समाधान झाले. स्वयंपाकघरातला नळ मात्र अजून गळतोय, आजी नऊ वर्षं सांगतेय. त्याची तपासणी कधी?'

खाली सही. सहीखाली आणखी एक सही, आजीची. तिच्याखाली सूनबाईची.

पाना कुठे ठेवलाय ते शोधायला उठलो आहे.